कॅम्पातली वीज

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप संपादक मंडळाने पाठवला आणि वर "फार लांबचा नको" अशी पुस्तीही जोडली. म्हणून किल्ले आणि बखरी बाजूला ठेवून आपल्याच रेल्वेमार्गावरचा एक इतिहास निवडला आहे. मुलुंडला कर्जतकडची किंवा अंबरनाथची लोकल पकडली की पाऊण तासात तिथे पोचता येतं. विषय आहे निर्वासितांच्या छावणीतली वीज, आणि ती वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं. विषय जरा रूक्ष वाटेल, पण मीटररूमची किल्ली कोणाकडे असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो आपलाच वाटेल.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांच्या छावण्या मुंबईच्या आसपास बऱ्याच होत्या. चेंबूर, सायन कोळीवाडा, ठाण्याची कोपरी आणि आपलं मुलुंड. मुलुंड कॉलनी हे नाव आपण रोज घेतो, पण ती कोणाची कॉलनी हे नव्या पिढीला सांगावं लागतं. आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांची मुळं तिथली आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गंमत तर आणखी वेगळी. तिथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. एकाच छपराखाली दोन देशांचे बेघर लोक पाठोपाठ राहून गेले.

या सगळ्यांत मोठी छावणी म्हणजे कल्याण कॅम्प, आजचं उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणपासून चार-पाच किलोमीटरवर लष्कराने ट्रान्झिट कॅम्प उभा केला. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढी ती सोय. एकूण २,१२६ बराकी, त्यातल्या राहण्याच्या सुमारे १,१७३. बहुतेक बराकींचा नमुना ठरलेला होता. मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. १९४५ ला युद्ध संपलं, सैन्य गेलं, बराकी ओस पडल्या. दोन वर्षांनी फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर सिंधी हिंदूंचा लोंढा वाढला. कोणी बोटीने मुंबई बंदरात उतरले, कोणी मारवाडच्या वाटेने रेल्वेने आले. ओस पडलेल्या बराकी अशा भरल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. तरी तिथले लोक आजही पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर पाच" असंच म्हणतात.

१९५१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ८१ हजार होती. राहण्याच्या बराकी १,१७३. बँकेतला माणूस असल्यामुळे भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. एका बराकीला सुमारे सत्तर माणसं पडतात. काही लोक इतर ठिकाणीही राहत असतील, त्यामुळे हा हिशेब कागदावरचा आहे, पण कल्पना येते. मधल्या हॉलमध्ये साड्या, चादरी, गोणपाट टांगून भिंती केलेल्या आणि प्रत्येक पडद्यामागे एक संसार.

आता विजेकडे वळू. लष्करात दिवे, पंखे, पाणी हे सगळं मिलिटरी इंजिनीअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएस बघते. त्यांची माणसं, त्यांचे नकाशे, त्यांचं स्टोअर. युद्धकाळातली बराक बांधतानाच हिशेब असा असतो की हे काही वर्षांचं काम आहे. त्या काळी वायरिंग लाकडी बॅटनपट्टीवर व्हायचं. तांब्याची तार, तिच्यावर रबराचं आवरण, काही ठिकाणी वरून सुताची वीण. पट्टीवर पत्र्याच्या छोट्या क्लिपा ठोकून तार बसवायची. चिनी मातीचे फ्यूज, बॅकेलाइटचे काळे गोल स्विच. आमच्या पिढीने हे सगळं पाहिलेलं आहे. रबर नवं असताना उत्तम, पण उष्णतेने आणि हवेने ते वाळतं, कडक होतं, वीस-पंचवीस वर्षांत त्याला भेगा पडतात आणि हात लावला की भुकटी होऊन खाली येतं. म्हणजे सैन्याच्या हिशेबाने काम चोख होतं. फक्त ज्यांच्यासाठी केलं ते निघून गेले, आणि जे आले ते जाणार नव्हते.

मी १९७९ ते ८३ या काळात आमच्या बँकेच्या उल्हासनगर शाखेत होतो. माझ्याकडे लघुउद्योगांची कर्जं होती. कॅम्पातला उद्योग म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. बराकीच्या एका खोलीत शिलाईची सहा यंत्रं, शेजारी प्लॅस्टिकच्या वस्तू, पलीकडे बिस्किटं आणि गोळ्या, त्याच्या मागे रेडिओचे सुटे भाग. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हा सगळीकडे सांगितला जायचा आणि सर्वांत जास्त तिथलेच लोक सांगायचे. कर्ज देण्याआधी यंत्राची पाहणी करायची, दरपत्रक बघायचं आणि वीज जोडणीचं पत्र बघायचं. मंजूर भार किती आणि यंत्रं किती अश्वशक्तीची, हे जुळलं पाहिजे. यंत्रं पसंत पडायची, माणूस पसंत पडायचा, पण फाईल अडायची ती या पत्रावर.

एकदा अशाच पाहणीत एक म्हातारे वायरमन भेटले. मी त्यांना दादा म्हणायचो, सगळेच म्हणायचे. ते मला "साईं" म्हणत. फाळणीआधी सिंधमध्ये त्यांनी विजेचंच काम केलेलं होतं. कॅम्पात आल्यावर सरकारी नोकरी वगैरे काही नाही, पण ज्याच्याकडे पकड आणि टेस्टर आहे त्याला लोक रात्री-अपरात्री उठवणारच. त्यांच्याजवळ एक लांबट वही होती, आपल्या जुन्या लेजरसारखी. सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. कोणत्या खांबावरून कोणत्या बराकीला तार जाते, कोणत्या फेजवर कोणते हॉल आहेत, कोणता जोड कधी केला, हे सगळं त्यात होतं. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रकाने बघून ओळखलं की हा माणूस हिशेब ठेवतो. बँकेत आम्ही ज्याला रेकॉर्ड म्हणतो ते एमईएस गेल्यानंतर त्या भागापुरतं तरी या वहीत होतं.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण तेच आपल्याही उपयोगाचं आहे.

समजा, एका हॉलला लष्कराने चाळीस वॅटचे दहा दिवे दिले होते. एकूण चारशे वॅट. २३० व्होल्टला पावणेदोन अँपिअर. त्याप्रमाणे तार आणि फ्यूज. आता त्या हॉलमध्ये दहा कुटुंबं आली. पहिल्या वर्षी प्रत्येकाने एक दिवा लावला, काही बिघडलं नाही. मग रेडिओ आले, पंखे आले. मग इस्त्री आली. साडेसातशे वॅटच्या दहा इस्त्र्या एकाच वेळी तापल्या तर साडेसात हजार वॅट, म्हणजे बत्तीस-तेहतीस अँपिअर. तार मात्र तीच, पावणेदोनच्या हिशेबाची. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. चक्रवाढ व्याज यापुढे मवाळ म्हणायचं.

अशा वेळी फ्यूज उडतो, आणि तो उडालाच पाहिजे. ते त्याचं कामच आहे. पण संध्याकाळी सात वाजता फ्यूज उडाला, मुलं अभ्यासाला बसलेली, स्वयंपाक अर्धा, तर घरातला उत्साही माणूस काय करतो? बारीक तारेच्या जागी तांब्याचे दोन-तीन पदर पिळून घालतो. दिवे येतात. घरचे त्याला हुशार म्हणतात. आता फ्यूज उडणार नाही, भिंतीतली किंवा छपराखालची तार जळेल. दादांचं म्हणणं असं की कॅम्पात आगी बाहेरून फार कमी लागल्या, किटकॅटमधून जास्त लागल्या. त्यांचं हे मत मला पटलेलं आहे. ज्याने जाड तार घातली त्याला दोष देणंही सोपं नाही, कारण त्याला तार बदलून द्यायला कोणी येणार नव्हतं.

दुसरा प्रकार न्यूट्रलचा. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा असतात. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर न्यूट्रलवर ओझं कमी. पण कॅम्पात ज्याला जिथून जवळ पडेल तिथून त्याने जोड घेतला, त्यामुळे एका फेजवर तीस घरं आणि दुसऱ्यावर आठ. अशात पावसाळी वाऱ्याने न्यूट्रलचा जोड सैल झाला की एका ओळीतले दिवे मिणमिणतात आणि दुसऱ्या ओळीतले लख्ख होऊन फुटतात. रेडिओ, पंखे, सगळं जळतं. लोक म्हणतात "व्होल्टेज वाढलं". प्रत्यक्षात चौथी तार सुटलेली असते. पावसाळा आला की दादा आधी न्यूट्रलचे जोड तपासत आणि मग वही घेऊन घरं एका फेजवरून दुसऱ्या फेजवर हलवत. याला ते "वाटणी" म्हणत.

तिसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ही जिवावरची. पत्र्याची छपरं, पत्र्याच्या आडभिंती, गळकं पाणी आणि भेगाळलेलं रबर. पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पुरलेली पट्टी. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. पाणी घालायचं काम कोणाचं? कोणाचंच नाही. दादा शाळेत जाणाऱ्या पोरांना सांगत, येता-जाता एक तांब्या ओता. पोरं ओतत.

१९५४ साली निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. मागे पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे मंजूर झाले आणि बऱ्याच जणांनी राहती खोलीच त्या दाव्यात वळती करून घेतली. माणूस मालक झाला. हे फार मोठं काम झालं, त्याला कमी लेखायचं नाही. ज्याला कालपर्यंत "निर्वासित" म्हणत त्याच्या हातात आता मालकीचा कागद होता आणि त्या कागदावर आमच्यासारख्या बँका पुढे कर्जं देऊ शकल्या. पण कागद खोलीचा होता. हॉलच्या छपराखालून जाणारी तार, दोन बराकींमधला जोड, भिंतीवरचा मेन स्विच यांचा मालक कोण? खोलीच्या आत मालक, खांबावर वीजपुरवठा करणारे, आणि मधली तीस-चाळीस फूट तार निर्वासितच राहिली. माझ्या मते कॅम्पातल्या विजेचा सगळा इतिहास या तीस-चाळीस फुटांत आहे.

आकडे टाकण्याबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील जोशात येऊन हे टाळलं. आकडे होते. पण आकडा म्हटलं की आपण लगेच चोर ठरवतो. एका हॉलला एक जोडणी, बिल एकाच्या नावावर आणि दहा घरं त्यावर, अशी स्थिती असेल तर अकरावा माणूस कुठून वीज घेणार? स्वतःचं मीटर मिळवायला कागद लागतात, आणि पळून आलेल्या माणसाकडे नेमकी तीच गोष्ट नसते. पुढे घरटी मीटर बसत गेली तसे हे प्रकार कमी झाले. मीटर म्हणजे दंड, असं पुष्कळांना वाटतं. कॅम्पातल्या बायकांना ते तसं वाटत नसे. घराच्या नावाचं मीटर म्हणजे शेजाऱ्याने रागावून आपला दिवा काढायची भीती गेली.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर जॉर्डन देशाकडे बघा. सीरियातल्या युद्धामुळे पळालेल्या लोकांसाठी जुलै २०१२ मध्ये तिथे झातरी नावाची छावणी उघडली. पुढे अनेक वर्षं तिथली वस्ती साधारण ऐंशी हजारांच्या घरातली होती, म्हणजे १९५१ च्या उल्हासनगराएवढी. आणि तिथे काय झालं? रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून लोकांनी तारा ओढल्या. सीरियात वायरमन असलेल्यांनीच हे जोड करून दिले, आधी तंबूंना, मग दुकानांना. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नावे बिल इतकं फुगलं की वीज दिवसातले काही तासच द्यायची वेळ आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जर्मन सरकारच्या पैशातून तिथे १२.९ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला आणि आठ तासांची वीज बारा-चौदा तासांवर गेली. पुन्हा भागाकार केला. माणशी एकशेसाठ वॅट, तेही डोक्यावर ऊन असताना. एक पंखा आणि दोन दिवे.

त्याच देशात अझराक नावाची दुसरी छावणी २०१४ मध्ये उघडली. वाळवंटात नीट आखून बांधलेली, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरात वीजच नव्हती, फक्त सौर कंदील. मे २०१७ मध्ये तिथे दोन मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. प्रकल्प उभारताना छावणीतल्याच निर्वासितांना काम शिकवून कामावर घेतलं. म्हणजे दादांसारखी माणसं शोधून त्यांच्या हातात रीतसर हत्यारं दिली. कल्याण कॅम्पात हे १९४९ ला कोणी केलं असतं तर? पण तेव्हा देशातच विजेची माणसं कमी होती आणि अन्न, कपडा, औषध यांनीच सरकारचे हात भरलेले होते, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

आता आपल्या अंगणात येतो. आपण मुंबई महापालिकेत राहतो पण वीज महावितरणची, या गोष्टीची बाहेरच्या पाहुण्यांना नेहमी मौज वाटते. ते असो. आपल्या इमारतीचं वायरिंग २०००-०१ मधलं. तेव्हा घरात एक गीझर आणि फार तर एक एसी असा हिशेब असे. आज तीन बेडरूमच्या घरात तीन एसी. दीड टनाचा एक एसी साधारण सात अँपिअर घेतो. तीन एसी, दोन हजार वॅटचा गीझर आणि तेवढीच इंडक्शन शेगडी एकदम चालली तर अडतीस-एकोणचाळीस अँपिअर होतात. खाली पार्किंगमध्ये विजेवरच्या गाड्या आल्या आहेत, त्यांचा घरगुती चार्जरच चौदा अँपिअरच्या आसपास. बराकीतल्या इस्त्रीचीच ही नवी आवृत्ती. गेल्या एप्रिलमध्ये बी विंगच्या मीटररूममधून जळका वास आला तो याच कारणाने. जोड सैल होता आणि भार वाढलेला होता. रात्रपाळीच्या वॉचमनने वेळेवर बेल वाजवली म्हणून निभावलं.

नंतरच्या सभेत चर्चा झाली ती मात्र "हे काम कोणाचं" यावर. काही सभासद म्हणाले वीज कंपनीचं, काही म्हणाले ज्याच्याकडे जास्त एसी आहेत त्याचं. उत्तर आपल्या उपविधींत छापलेलं आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या तारांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची. त्याच्या आतलं ज्याचं त्याने बघायचं. मीटरपर्यंत पुरवठादार, मीटरपासून तुमच्या दारातल्या मेन स्विचपर्यंत आपण सगळे. म्हणजे बराकीतली ती तीस-चाळीस फूट तार आपल्याकडे निदान कागदावर बेवारस नाही. तिच्यासाठीच आपण बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात भरतो. पैसे मुदत ठेवीत पडून आहेत आणि तार तापते आहे, हा ताळेबंद मला तरी मंजूर होत नाही. ठेवीचं व्याज बुडेल म्हणून काम पुढे ढकला, असं एका सभेत म्हटलं गेलं. आयुष्यभर मुदत ठेवी गोळा केलेला माणूस सांगतो आहे, एवढं व्याज सोडा.

तीन कंत्राटदारांची दरपत्रकं आलेली आहेत. त्यातल्या दोघांनी मीटररूममधली मुख्य तार, वर जाणाऱ्या तारा, अर्थिंगचे खड्डे आणि फेजची वाटणी, सगळं धरून दर दिला आहे. तिसऱ्याने अर्थिंग वगळून स्वस्त दर दिला आहे. त्याच्याबद्दल काय ते सभासदांनी ठरवावं. कोणता फ्लॅट कोणत्या फेजवर आहे याची यादी मी आणि ए विंगमधल्या एका निवृत्त इंजिनीअर मित्राने मिळून तयार केली आहे. मराठीत आहे, डावीकडून उजवीकडे. एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात आणि एक मीटररूमच्या दाराला आतून लावली आहे. आपल्या घराची नोंद चुकीची वाटली तर रविवारी अकरा ते एक या वेळात ऑफिसात येऊन दुरुस्त करून घ्यावी. सी विंगच्या वरच्या चार मजल्यांची नोंद अजून व्हायची आहे.